डायलवर ४२ ते ५० आणि यादीत 'डब्ल्यू-७१-एनवाय': जुन्या एफएम केंद्रांच्या कॉल साइन वाचायच्या कशा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही न्यू जर्सीत राहता. शेजारच्या गावात एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथून तुम्ही लाकडी कॅबिनेटचा एक रेडिओ आणलात. त्यावर 'एफएम' असं स्पष्ट लिहिलंय, पण डायल ८८ ते १०८ नाही, ४२ ते ५० आहे. मागचा पुठ्ठा काढल्यावर आत पेन्सिलीने लिहिलेली यादी सापडली: डब्ल्यू-७१-एनवाय, डब्ल्यू-६७-एनवाय, डब्ल्यू-६५-एच, डब्ल्यू-४३-बी, डब्ल्यू-२-एक्सएमएन, आणि शेवटी एक पुसट ओळ, तिचं 'डब्ल्यू-४७-एन' एवढंच लागतं. तुम्ही विचारलंत की ही हॅमवाल्यांची (परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्यांची) केंद्रं आहेत का, यांतलं पहिलं एफएम स्टेशन कोणतं, आणि हा रेडिओ आज काही पकडेल का.

माझी ओळख एवढीच की नोकरी सगळी ट्रान्समीटरवर गेली, हॅमचा परवाना बरीच वर्षं आहे, आणि निवृत्तीनंतर व्हॉल्व्हचे रेडिओ उघडून बसणं आणि जुनी क्यूएसएल कार्डं (स्टेशन ऐकल्याची पोच म्हणून येतात ती) जमवणं हा उद्योग आहे. कार्डं लावताना तुमच्यासारख्याच यादीने मलाही एकदा चांगलंच फसवलं होतं. ते शेवटी सांगतो, कारण तुमच्या पुसट ओळीशी त्याचा संबंध आहे.

प्रश्न तीन दिसत असले तरी गाठ एकच आहे. आपण कॉल साइनला, म्हणजे परवान्यावरच्या केंद्राच्या नावाला, दुकानाच्या पाटीसारखं वाचतो, म्हणजे मालकाने हौसेने ठेवलेलं नाव. पण निदान त्या काळापुरती ती सातबाऱ्यासारखी वाचावी लागते. सरकारने काय म्हणून परवानगी दिली, कुठल्या हद्दीत दिली आणि कधी दिली, हे तिच्यात असतं. जमीन शेतीची बिगरशेती झाली की उतारा बदलतो, तशी परवान्याची जात बदलली की कॉल साइन बदलायची. यंत्र तेच, मनोरा तोच, माणसं तीच, आणि कागदावर नाव मात्र तिसरंच. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या एफएम केंद्रांनी पाच-सहा वर्षांत तीन-तीन नावं बदलली ती यामुळे.

आता हॅमचा प्रश्न. तुमची शंका अजिबात खुळी नाही. अमेरिकेत हौशी केंद्राची साइन म्हणजे सुरुवातीला डब्ल्यूसारखं अक्षर, मग विभागाचा एक आकडा, मग दोन-तीन अक्षरं. विभाग १ म्हणजे न्यू इंग्लंड, २ म्हणजे न्यू यॉर्क आणि तुमची न्यू जर्सी. डब्ल्यू-२-एक्सएमएन या साच्यात चपखल बसते. फरक आकड्यानंतर लगेच येणाऱ्या एक्समध्ये आहे. आकड्याला चिकटून एक्स आला की केंद्र प्रायोगिक. हा नियम पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा आहे. तेव्हा एक्स प्रयोगासाठी, वाय तंत्रशिक्षण देणाऱ्या शाळा-कॉलेजांसाठी आणि झेड खास हौशी केंद्रांसाठी राखलेला असे. त्यातला एक्स आजतागायत टिकला आहे. तेव्हा तुमच्या यादीतलं डब्ल्यू-२-एक्सएमएन हे विभाग २ मधलं प्रायोगिक केंद्र. कोणाचं, ते मला यादी न बघताही सांगता आलं असतं: एडविन आर्मस्ट्राँगचं. एफएमचा जनक तोच.

गंमत अशी की एफएमचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक खरोखरच एका हॅमच्या घरून झालं होतं. आर्मस्ट्राँगला एफएमची पेटंटं डिसेंबर १९३३ मध्ये मिळाली. त्याने आरसीए या बड्या रेडिओ कंपनीच्या सौजन्याने एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून चाचण्या घेतल्या, पण १९३५ मध्ये आरसीएला टेलिव्हिजनसाठी जागा हवी झाली आणि त्याला सामान हलवायला सांगितलं गेलं. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यू यॉर्कला रेडिओ इंजिनिअरांच्या सभेत त्याने निबंध वाचला आणि मग रिसीव्हर चालू केला. समोरचं टोक होतं याँकर्समधल्या रँडॉल्फ रनियन या त्याच्या मित्राचं हौशी केंद्र, डब्ल्यू-२-एजी. पेल्यात ओतलेलं पाणी पाण्यासारखं ऐकू आलं, चुरगाळलेला कागद कागदासारखा. वळवाच्या दिवसांत मीडियम वेव्हवर कडकड ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. त्या सभेतल्या इंजिनिअरांना रेडिओ म्हणजे आवाज आणि खरखर यांची भेळ हेच माहीत होतं. म्हणून साइनमध्ये एक्स आहे की नाही एवढं बघितलं तरी हॅम आणि प्रायोगिक वेगळे पडतात, पण इतिहासात ते एकाच घरात नांदले आहेत.

'पहिलं कोणतं' याचं उत्तर मात्र तुम्ही पहिलं कशाला म्हणता त्यावर आहे, आणि इथे बऱ्याच वेबसाइटवर हमरीतुमरी चाललेली दिसते. नियमित प्रक्षेपणासाठी मुद्दाम उभारलेलं पहिलं एफएम केंद्र म्हणाल तर हेच डब्ल्यू-२-एक्सएमएन, हडसनकाठच्या उंच कड्यावर आल्पाइन या गावी. आर्मस्ट्राँगने स्वतःच्या पैशाने चारशे फुटांहून उंच मनोरा बांधला, १९३८ मध्ये कमी शक्तीवर चाचण्या सुरू झाल्या आणि जुलै १९३९ मध्ये पूर्ण शक्तीवर ते ४२.८ वर आलं. त्याच वर्षी बोस्टनच्या जॉन शेपर्डचं यांकी नेटवर्क मॅसॅच्युसेट्समधल्या पॅक्सटनच्या टेकडीवरून डब्ल्यू-१-एक्सओजे घेऊन आलं, आणि कनेक्टिकटमध्ये मेरिडनजवळ फ्रँकलिन डूलिटलने डब्ल्यू-१-एक्सपीडब्ल्यू सुरू केलं. पण ही सगळी एक्सवाली, म्हणजे जाहिरात घ्यायला मनाई. पैसे घेऊन जाहिरात लावण्याचा परवाना असलेलं पहिलं केंद्र हवं असेल तर १ मार्च १९४१, नॅशव्हिल, डब्ल्यू-४७-एनव्ही. ते एका विमा कंपनीचं होतं, त्यांचंच डब्ल्यूएसएम हे एएम (मीडियम वेव्हवरचं) केंद्र आधीपासून गाजत होतं. नॅशव्हिलचं हे एफएम १९५१ मध्ये बंद पडलं. मला विचाराल तर मी आल्पाइनच्या बाजूचा, कारण परवान्याची तारीख ही कारकुनाच्या शिक्क्याची तारीख असते. पण नॅशव्हिलवाल्यांचा दावा खोटा नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे आकडेवाल्या साइन. यांचा हिशोब एकदा डोक्यात बसला की तुमची यादी आपोआप बोलू लागेल.

२० मे १९४० ला अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, एफएमला ४२ ते ५० मेगासायकलचा पट्टा जाहीर केला (मेगाहर्ट्झ हा शब्द पुढचा). व्यावसायिक प्रसारणाची मुभा १ जानेवारी १९४१ पासून. पट्ट्याचे ४० तुकडे पाडले, प्रत्येक २०० किलोसायकल रुंद. खालचे पाच शिक्षणसंस्थांना, उरलेले ३५ व्यावसायिक केंद्रांना. तुकडा ४३.० पासून ४३.२ पर्यंत असेल तर त्याचा मध्य ४३.१ येतो, पुढचा ४३.३, असं करत ४९.९ पर्यंत. म्हणजे दशांश चिन्हानंतरचा आकडा नेहमी विषम. अमेरिकेत आजही तसंच आहे. तुमच्या गाडीतल्या रेडिओवर ९३.१, ९३.३, ९३.५ येतं ते त्याच हिशोबाने.

मग व्यावसायिक केंद्रांना नावं द्यायची वेळ आली. आयोगातल्या कोणा तरी हिशेबी माणसाने ठरवलं की नावातच फ्रिक्वेन्सी घालू. सगळ्या फ्रिक्वेन्सी ४ ने सुरू होतात, म्हणून ४ वगळायचा. ४७.१ मधला ४ आणि दशांश टिंब काढलं की उरतं ७१. पुढे शहराची अक्षरं: एनवाय. झालं डब्ल्यू-७१-एनवाय. ४६.७ वरचं न्यू यॉर्कचं केंद्र डब्ल्यू-६७-एनवाय, ४६.५ वरचं हार्टफर्डचं डब्ल्यू-६५-एच, ४४.३ वरचं बोस्टनचं डब्ल्यू-४३-बी. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला डब्ल्यूऐवजी के, जसं लॉस एंजेलिसचं के-४५-एलए. तुम्ही आता उलटं करून बघा: यादीतल्या दोन आकड्यांपुढे ४ लावा, मधे टिंब द्या आणि डायलवर काटा कुठे येतो ते पाहा. यादी लिहिणाऱ्याला शेजारी फ्रिक्वेन्सी लिहावी लागली नाही, कारण ती नावातच होती. वाचणाऱ्यालाही एक ताळा मिळतो: खरा आकडा ३१ ते ९९ मधला विषमच असतो. सम आकडा लागला तर वाचण्यात चूक आहे किंवा लिहिण्यात.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, शहराचं अक्षर मनोऱ्याचा पत्ता सांगत नाही, श्रोते कुठले ते सांगतं. डब्ल्यू-४३-बी चा मनोरा बोस्टनपासून बराच आत, पॅक्सटनला. त्याचंच भावंड डब्ल्यू-३९-बी तर न्यू हॅम्पशरमधल्या माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावर, राज्यसुद्धा वेगळं, तरी अक्षर बोस्टनचं. आल्पाइनलाही व्यावसायिक परवान्यासाठी डब्ल्यू-३१-एनवाय मिळालं. मनोरा तुमच्या न्यू जर्सीत, अक्षरं न्यू यॉर्कची. दुसरं, एकच आकडा अनेक गावांत होता. ४४.५ घ्या: डेट्रॉइटला डब्ल्यू-४५-डी, कोलंबसला डब्ल्यू-४५-सीएम, इव्हान्सव्हिलला डब्ल्यू-४५-व्ही, बॅटन रूजला डब्ल्यू-४५-बीआर. शेवटची अक्षरं गेली की केंद्र हरवलं. तिसरं घसरणं खास न्यू यॉर्कवाल्यांचं. डब्ल्यू-७१-एनवाय हे डब्ल्यूओआरचं एफएम होतं, आणि डब्ल्यूओआर एएमवर ७१० वर होतं. त्यामुळे ७१ हा ७१० मधून आला असं एकाने मला छातीठोकपणे सांगितलं होतं. साम्य आहे, पण फसवं. ७१ आला तो ४७.१ मधून.

शैक्षणिक केंद्रांना ही आकडेमोड लागू नव्हती, त्यांना पहिल्यापासून साधी अक्षरं मिळाली. क्लीव्हलँडचं डब्ल्यूबीओई यातली बीओई ही तिथल्या शिक्षण मंडळाची इंग्रजी आद्याक्षरं. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांचं केएएलडब्ल्यू १९४१ मध्ये आलं. ती परंपरा आजही चालू आहे.

आकड्याने स्टेशन ओळखायची सवय आपल्याला परकी नाही म्हणा. आता मुंबई-पुण्यात पोरं स्टेशनला ९८.३ म्हणूनच ओळखतात. त्याच्याही आधी, १९४२ साली, डब्ल्यू-७१-एनवाय हवेवर असतानाच मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवत होते, आणि त्याची उद्घोषणा होती ती '४२.३४ मीटरवरून, भारतात कुठून तरी' अशी. गाव लपवायचं होतं, आकडा सांगणं भाग होतं. श्रोत्याने काटा लावायचा कुठे, हे तर कळायला हवं! अमेरिकन आयोगाने गाव आणि आकडा दोन्ही नावात कोंबलं आणि तिथेच गणित बिघडलं.

कारण नाव तोंडात बसलं पाहिजे. 'डब्ल्यू' हे इंग्रजीत उच्चारायला सगळ्यात लांबलचक अक्षर, त्यावर दोन आकडे, त्यावर आणखी दोन अक्षरं. निवेदकाने तासातासाला ते म्हणायचं, श्रोत्याने लक्षात ठेवायचं आणि जाहिरातदाराने छापायचं. शिवाय केंद्राची फ्रिक्वेन्सी बदलली की नाव बदललं, म्हणजे कमावलेली ओळख पाण्यात. अक्षरी साइनमध्ये मालक निदान आवडीची अक्षरं मागून तरी घेऊ शकतो. आकड्यांत मागणार काय? आयोगाने १९४३ मध्ये ही पद्धत मोडीत काढली आणि १ नोव्हेंबरपासून सगळ्यांना अक्षरी साइन दिल्या. त्यामुळे जुन्या कागदाचं वय ठरवणं सोपं झालं आहे. व्यावसायिक आकडेवाल्या साइन असलेली यादी १९४१ च्या आसपास ते ऑक्टोबर १९४३ या काळातली. तुमची यादी त्याच खिडकीतली, आणि डब्ल्यू-२-एक्सएमएन तिच्यात अजून जुन्या नावाने आहे म्हणून माझा कल या काळाच्या पूर्वार्धाकडे. पेन्सिल कोणाची होती ते मात्र कॉल साइन सांगत नाही.

या १९४३ च्या बदलात 'डॅश एफएम' हे शेपूट सर्रास झालं. ज्याचं एएम केंद्र होतं त्याने त्याच नावाला एफएम जोडलं: डब्ल्यू-४७-एनव्ही झालं डब्ल्यूएसएम-एफएम, आणि तुमच्या यादीतलं डब्ल्यू-६५-एच झालं डब्ल्यूडीआरसी-एफएम, म्हणजे डूलिटलचं मेरिडनचं केंद्र. शेपूट असणं म्हणजे घरात थोरलं भावंड आहे. शेपूट नसणं म्हणजे ते एफएम नाही असा अर्थ कोणी काढू नये, ही चूक फार होते. डब्ल्यूओआरने तर तेव्हा शेपूट घेतलंच नाही, त्यांचं डब्ल्यू-७१-एनवाय आधी डब्ल्यूबीएएम झालं, मालक बँबर्गर कंपनीवरून. डब्ल्यूओआर-एफएम हे नाव पुढे काही वर्षांनी आलं. यादीतलं डब्ल्यू-६७-एनवाय सीबीएस या प्रसारण कंपनीचं होतं आणि ते डब्ल्यूएबीसी-एफएम झालं. इथे दचकू नका: तेव्हा न्यू यॉर्कचं डब्ल्यूएबीसी हे सीबीएसचंच केंद्र होतं, १९४६ मध्ये ते डब्ल्यूसीबीएस झालं.

मला सगळ्यात आवडणारा पुरावा पिट्सबर्गचा. केडीकेए हे १९२० पासूनचं मानाचं केंद्र. ते नदीच्या पूर्वेला असूनही के ने सुरू होतं, कारण १९२० च्या सुमारास काही काळ जमिनीवरच्या केंद्रांनाही जहाजांच्या रांगेतली के ची अक्षरं दिली जात होती, आणि पुढे जुन्यांना जुनी अक्षरं ठेवू दिली. त्यांच्या एफएमला आकड्यांच्या काळात डब्ल्यू-७५-पी मिळालं. नकाशाप्रमाणे अगदी बरोबर, पण घराण्याची खूण गेली. १९४३ मध्ये अक्षरं परत आली आणि ते केडीकेए-एफएम झालं. फिलाडेल्फियाच्या केवायडब्ल्यूचंही तसंच: एफएमला डब्ल्यू-५७-पीएच, मग केवायडब्ल्यू-एफएम. आकड्यांच्या पद्धतीत वंशावळ धरायला जागाच नव्हती.

आणि अक्षरं आली म्हणून सगळं सोपं झालं असंही नाही. शिकागोचं झेनिथ कंपनीचं केंद्र बघा: प्रायोगिक असताना डब्ल्यू-९-एक्सईएन, मग ४५.१ वर डब्ल्यू-५१-सी, मग डब्ल्यूडब्ल्यूझेडआर, मग डब्ल्यूईएफएम. शेवटच्या नावात 'एफएम' दिसतं आणि सगळे मान डोलावतात. पण ईएफएम म्हणजे झेनिथचे अध्यक्ष युजीन एफ. मॅकडोनाल्ड. साहेबांच्या आद्याक्षरांतच एफएम होतं, त्याला कोण काय करणार!

इथपर्यंतचं पाठ करायचं तर एवढंच: आकड्याला चिकटलेला एक्स म्हणजे प्रयोग, मधे दोन विषम आकडे म्हणजे १९४१ ते ४३ चा व्यावसायिक परवाना, नुसती अक्षरं म्हणजे त्यानंतरचं किंवा शिक्षणसंस्थेचं.

तुमचा तिसरा प्रश्न, रेडिओ आज लागेल का. एफएमच्या पट्ट्यावर नाही. युद्धामुळे १९४२ मध्ये घरगुती रेडिओंचं उत्पादन थांबलं, आणि युद्ध संपता संपता जून १९४५ मध्ये आयोगाने एफएम उचलून वर नेऊन ठेवलं, ८८ च्या पुढे. जुना पट्टा टेलिव्हिजन आणि इतर सेवांना गेला. काही केंद्रं थोडा काळ दोन्हीकडे चालली, पण जानेवारी १९४९ पर्यंत जुन्या पट्ट्यावरचं प्रसारण संपलं. लोकांच्या घरातले सुमारे चार लाख सेट एफएमपुरते मुके झाले. तुमचा त्यातलाच एक. मनात आणा, आकडेवाल्या साइन १९४३ मध्ये गेल्या नसत्या तर त्या १९४५ नंतर गेल्याच असत्या. ४ वगळायची युक्ती ८८ ते १०८ मध्ये चाललीच नसती.

वर का नेलं, यावर आजही लोक हातघाईवर येतात. आर्मस्ट्राँगचे चाहते याला सरळ आरसीएचा कट म्हणतात. आयोगाने दिलेलं कारण असं होतं: केनेथ नॉर्टन नावाच्या इंजिनिअरने भाकीत केलं की सूर्याच्या डागांचं चक्र जोरात आलं की ४० ते ५० च्या पट्ट्यात दूरची स्टेशनं आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या, विजेने भारलेल्या थरांवरून) परतून येतील आणि जवळच्यांत घुसतील. आर्मस्ट्राँगचं म्हणणं होतं की ही भीती फुगवलेली आहे. माझं मत दोघांच्या मधे आहे, कारण कमी फ्रिक्वेन्सीच्या व्हीएचएफचा (३० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींचा) असाच खेळ मी स्वतः पाहिलाय. उन्हाळ्यात आयनांबराच्या 'ई' थराचे तुटक ढग तयार होतात, आणि एरवी क्षितिजापाशी संपणारी लहर हजार-दीड हजार किलोमीटरवर जाऊन पडते. अँटेनावरच्या जुन्या टीव्हीच्या काळात मे महिन्यात दुपारी अचानक परक्या लिपीची पाटी पडद्यावर आलेली मला आठवते. शेजारचे काका अँटेना हलवायला गच्चीवर चढले होते, त्यांना मी खाली उतरवलं. तेव्हा हस्तक्षेप खोटा नव्हता. पण तो वर्षातले थोडे दिवस, दिवसातले थोडे तास; आणि एफएमचा गुण असा की दोन स्टेशनं एकाच जागी आली तर रिसीव्हर जोरदार असेल त्यालाच धरतो, दुसऱ्याला दाबतो. एवढ्यासाठी चार लाख सेट मोडीत काढायला हवे होते का? मी नसते काढले.

आल्पाइनचा उतारा मात्र पुरा वाचा, कारण तो तुमच्या घरापासून जवळ आहे. डब्ल्यू-२-एक्सएमएन, मग डब्ल्यू-३१-एनवाय, मग अक्षरांच्या काळात डब्ल्यूएफएमएन, आणि युद्धानंतर परत प्रायोगिक होऊन केई-२-एक्ससीसी. शेवटच्या नावात आकड्यानंतरचा एक्स पुन्हा दिसतो. पेटंटांच्या खटल्यांनी पिचलेल्या आर्मस्ट्राँगने ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री आत्महत्या केली, आणि मार्चमध्ये केंद्र बंद झालं. खटले त्याची पत्नी मॅरियनने पुढे लढवले आणि जिंकले. मनोरा अजून उभा आहे. २००१ मध्ये ११ सप्टेंबरला जुळे मनोरे पडल्यावर न्यू यॉर्कच्या काही टीव्ही वाहिन्यांनी त्याचाच आसरा घेतला होता. आणि जून २००५ मध्ये, त्या पहिल्या प्रात्यक्षिकाच्या सत्तराव्या वर्षी, तिथून ४२.८ वर एक खास प्रक्षेपण झालं. साइन होती डब्ल्यूए-२-एक्सएमएन. त्या दिवशी तुमचा रेडिओ चालू असता तर बोलला असता.

त्यात एएमचा पट्टा असेल तर त्यावर तो अजूनही बोलेल, डब्ल्यूओआरचं ७१० तिथे आहेच. पण हौसेने थेट प्लगात घालू नका. ऐंशी वर्षांच्या रेडिओतले मेणकागदाचे कपॅसिटर गळके झालेले असतात आणि फिल्टरचे मोठे कपॅसिटर वाळलेले. थेट वीज दिली तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो परत मिळत नाही. आधी ते बदलून घ्या, दोरीसारखी झालेली वायर बदला, मग कमी व्होल्टेजपासून हळूहळू चढवा. यातलं काही आधी केलं नसेल तर जाणकाराकडेच द्या, आत जीव घेण्याइतकं व्होल्टेज असतं. एफएमचा भाग जिवंत आहे का ते बघायला टेबलावर सिग्नल जनरेटर ठेवून ४७.१ द्या, मॅजिक आय (सिग्नल दाखवणारा चमकता डोळा) असेल तर ती मिटेल.

आता ती पुसट ओळ. माझ्या संग्रहातल्या एका वहीत अशीच नोंद होती. मी ती डब्ल्यू-४७-एनवाय वाचली, न्यू यॉर्कचं ४४.७ वरचं केंद्र म्हणून मोकळा झालो, आणि ओहायोतल्या एका हॅम मित्राशी त्यावरून दोन आठवडे पत्रापत्री केली. त्याचं म्हणणं शेवटचं अक्षर वाय नसून व्ही आहे. म्हणजे नॅशव्हिल, म्हणजे वर सांगितलेलं पहिलं व्यावसायिक केंद्र. दोन्ही ४४.७ वरच, म्हणून आकडा काहीच मदत करत नाही. शेवटी भिंगाखाली व्ही निघाला. हरलो.

तुमच्या बाबतीत साधा अंदाज एनवाय हाच. नॅशव्हिल तुमच्यापासून १,२०० किलोमीटरच्या आसपास आहे, रोज ऐकू येणं शक्य नाही. डब्ल्यू-४३-बी सुद्धा उत्तर न्यू जर्सीतून मला थोडं लांबच वाटतं. लिहिणाऱ्याकडे छपरावर चांगला अँटेना असेल, किंवा त्याने वर्तमानपत्रातून सगळी नावं नुसती उतरवली असतील. पण १,२०० किलोमीटर हे उन्हाळ्यातल्या त्या 'ई' ढगाच्या एका उडीत बसणारं अंतर आहे, आणि न्यू यॉर्कचं ४४.७ त्या वेळी हवेवर नसेल तर वाट मोकळी. म्हणून ओळीवर बाजूने टॉर्च धरा, पेन्सिलीची खाच सावलीत उठून दिसते. शेवटच्या अक्षराला खाली दांडी आहे का बघा. शेजारी काही खरडलेलं असेल, विशेषतः मे ते ऑगस्टमधली एखादी तारीख किंवा उद्गारचिन्ह, तर त्याचा जवळून फोटो काढून इथे टाका.